पडून बघा

खिडकीजवळच्या पलंगावर ‘पडून बघा’ ही पाटी गाद्यांच्या दुकानाच्या मालकांनी, मामांनीच, लावली होती. पण एखादं गिऱ्हाईक ती इतकी मनावर घेईल, असं काही त्यांना वाटलं नसावं.

बाहेर सकाळपासून धुकं होतं. दुपार असून दुकानात दिवे लागले होते. तो आत आला, गादीचा भाव विचारला, ओले बूट काढून नीट जोडीनं ठेवले आणि आडवा झाला. मामांच्या हाताखाली गाद्या विकणारी ती दुसरा नमुना आणायला वळली, तेवढ्यात घोरणं सुरू.

“उठव त्याला,” मामा म्हणाले. “दुकान आहे हे. कुंभकर्णाचा महाल नाही!”

ती जवळ गेली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, दाढी अर्धवट केलेली, एक हात छातीवर... असा, की कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं. तिला हात लावायचा धीर झाला नाही.

तो जागा झाला तेव्हा शेजारच्या दुकानांची शटरं पडत होती.

“माफ करा. मला... झोप लागली?” त्याचा स्वतःवरच विश्वास बसत नव्हता.

“लागली म्हणजे?” ती म्हणाली. “समोरचा न्हावी बघायला येऊन गेला.”

तो हसला. मग गादी न घेताच गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा हजर झाला.

हळूहळू सगळं कळलं. तो बंदरावर क्रेन चालवायचा. आई वर्षभर अंथरुणाला खिळून होती. रात्रीतून उठून तिची कूस बदलायची, पाणी द्यायचं. आई गेली, पण त्याचे कान झोपायला तयार नव्हते. जरा कुठे खुट्ट झालं की तो उठून बसायचा. एकदा वर क्रेनमध्ये बसल्या बसल्या डोळा लागला आणि भलामोठा खोका माणसांच्या डोक्यावर लोंबकळत राहिला. कुणाला लागलं नाही. पण मुकादमानं त्याला खाली उतरवलं. महिनाअखेरीच्या तपासणीत झोप सुधारलेली दिसली नाही, तर क्रेन कायमची सुटणार होती.

“मग गादी नको तुम्हाला,” ती म्हणाली.

“विकणारीच असं म्हणते?”

“हळू बोला, मामा ऐकतील. संध्याकाळचा चहा किती होतो?”

“मोजला नाही.”

“बंद. फोन स्वयंपाकघरात ठेवायचा. खिडकीला जाड पडदा. आणि झोपता कुठे?”

“आईच्या खोलीत. तिच्या पलंगासमोर.”

“खोली बदला,” ती हळूच म्हणाली. “झोप येत नसेल तर तळमळत पडू नका. उठून बसा, डोळे जड झाले की मगच आडवं व्हा. रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ एकच.”

तिनं सांगितलेलं तो सगळं करत होता. आणि रोज दुपारी येऊन झोपत होता. तिनं त्याच्यासाठी एक चादर वेगळी काढून ठेवली. गिऱ्हाइकांशी ती खालच्या आवाजात बोलू लागली. तेव्हा मामा म्हणाले, “राणीसरकार, कुणाचं तान्हं मूल निजवलंय का आत?” ती लाजून उशांचे ढीग उगाच सारखे करत राहिली.

महिना सरत आला. वर्तुळं तशीच.

“रात्री?” तिनं विचारलं.

“छताकडे बघत.”

तिनं कोपऱ्यातल्या घडी केलेल्या चादरीकडे पाहिलं. इतकी साधी गोष्ट... रोज गिऱ्हाइकांना सांगायची, आणि इथे मात्र...

“उद्यापासून येऊ नका,” ती म्हणाली.

“का?”

“रात्रीची झोप तुम्ही इथे दुपारी उडवताय. आणि मी उडवू देतेय. मला बरं वाटतं म्हणून.”

तो बराच वेळ बुटांच्या नाड्या बांधत राहिला. “ठाऊक आहे मला. डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, दुपारी झोपायचं नाही.”

“मग येत का होता?”

“क्रेनवर परत जायचं होतं म्हणून त्यांच्याकडे गेलो. इथे...” त्यानं मान वर केली. “इथे कान ठेवून पडावं लागत नाही. तू आहेस ना जागी.”

तो पहिल्यांदाच तिला ‘तू’ म्हणाला होता. आणि तिला म्हणावं लागलं, “जा.”

नंतरच्या दुपारी नुसत्या लांबत गेल्या. महिनाअखेर उलटून गेली, तरी निरोप नाही. धुकं हटायचं नाव घेईना. मामा चेष्टा करायचे थांबले, तेच तिला जास्त लागलं.

मग एका सकाळी तो आला. दाढी गुळगुळीत, खांद्यावर पिशवी.

“पास झालो. पण इथली जागा भरली. दूरच्या बंदरावर पाठवतायत. आजच निघायचंय.”

“छान झालं,” ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

तो तिच्या डोळ्यांखाली बघत होता. “तुला झोप येते का गं?”

“गाद्यांच्या दुकानात काय तोटा...” तिनं नुसती मान हलवली... नाही.

“संध्याकाळचा चहा बंद,” तो म्हणाला. “तळमळत पडू नकोस. उठून बस.”

“आणि दुपारी?”

“दुपारी अजिबात झोपू नकोस. सुट्टी मिळेल त्या दुपारी मी येईन. झोपायला नाही. तुझ्याशी बोलायला.”

“कधी मिळेल सुट्टी?”

“लवकर नाही मिळणार,” तो म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं.

तो गेला. धुक्यात त्याची पाठ फार लांबपर्यंत दिसलीही नाही. दुपारी दुकान रिकामं होतं. ती त्या पलंगाच्या कडेला टेकली. गादी मऊ होती, रात्रभराचा शीण डोळ्यांवर आला होता, पापण्या मिटू लागल्या...

ती चटकन उठली. पलंगावरची ‘पडून बघा’ची पाटी काढून तिनं शेजारच्या गादीवर ठेवली आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत ताठ बसली.