सोळा प्रश्नांचा फॉर्म

एमआरआयच्या दाराशी टेक्निशियन संपदाच्या हातातला मेटल डिटेक्टर लतिकाकाकूंच्या कमरेपाशी येताच किंचाळला.

"काकू, सगळे दागिने काढलेत ना?"

काकूंनी मान खाली घातली. गाउनच्या आत कमरेला बांधलेल्या रुमालात मंगळसूत्र होतं. नवरा हयात असताना ते अंगावरून उतरवायचं कसं! फॉर्मवर मात्र त्यांच्या मुलाने 'धातूची वस्तू नाही' अशी ठसठशीत खूण केली होती.

संपदा तणतणत बाहेर आली. "फॉर्म तुम्ही भरलात?"

"हो... मी पुष्कर. सॉरी हं, आईला विचारलंच नाही."

"मग भोगा शिक्षा. धावत जाऊन हळकुंड आणा."

"हळकुंड... म्हणजे?"

"दिल्लीत वाढलात, दिसतंच आहे! साबुत हल्दी."

दहा मिनिटांत तो धापा टाकत परतला. संपदाने हळकुंड दोऱ्याला बांधून काकूंच्या गळ्यात घातलं. मंगळसूत्र गाठवायला दिलं की बायका तसंच करतात. काकूंचा जीव भांड्यात पडला. पुष्करचा कुठे पडला, ते मात्र त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

संपदाच्या गळ्यात तेव्हा भलतंच काम पडलं होतं. तिच्या संस्थेची हॉस्पिटलं सात आणि फॉर्मही सात तऱ्हांचे. एकीकडे पेसमेकरचं विचारायचे, दुसरीकडे विसरायचे. सगळीकडे चालेल असा एकच फॉर्म तिला करायचा होता. पुष्कर केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, मसुदे लिहिण्यात मुरलेला. "मदत करू?" म्हणाला, आणि दर शनिवारी द्वारकेहून मेट्रोने थेट मयूर विहारला तिच्या हॉस्पिटलात येऊ लागला.

"'दागिने आहेत का?' विचारलं तर आई नाहीच म्हणणार. 'काढायला नको वाटतं असं अंगावर काही आहे का?' असं विचारा."

"अच्छा! आणि तुम्ही काय लपवता?"

"मी? मी... चहा सांगू?"

सोळा प्रश्न चौथ्याच शनिवारी पुरे झाले. पण संपदा दर वेळी नवं खुसपट काढत राहिली. फॉर्म एकदा संस्थेकडे गेला की हा माणूस येणार कशाला?

दोन आठवडे असेच गेले. मग संस्थेच्या दुसऱ्या हॉस्पिटलातून फोन आला. जुन्याच फॉर्मवर एका बाईंना आत नेलं, आणि केसांतला चिमटा सुटून मशीनवर आदळला. नशीब, कोणाला लागलं नाही. स्वतःची लाज वाटली संपदाला, अगदी मनापासून वाटली. तिने उभ्याउभ्याच फॉर्म पाठवून दिला.

शनिवारी पुष्कर धुक्यातून आला. तिने त्याला बसूही दिलं नाही.

"फॉर्म गेला. पंधरा दिवसांपूर्वीच जायला हवा होता. मी अडवला... तुम्ही येत राहावं म्हणून."

पुष्कर हळूच म्हणाला, "गेल्या वेळी प्रश्नांचे क्रमांक मीच मुद्दाम उलटसुलट केले होते. तुम्ही परत बोलवाल म्हणून. अर्धा गुन्हा माझा."

"यार, काय माणसं आहोत आपण!" तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "पुन्हा असं नाही करायचं."

"बिल्कुल नाही. पण मग... मी यायचं कशासाठी?"

आजवर हजारो लोकांना प्रश्न विचारणाऱ्या संपदाला उत्तर देताना घाम फुटला.

"मला तुम्ही आवडता. एवढं पुरेल?"

पुष्करचे कान लाल झाले. त्याने मफलर काढून खुर्चीवर ठेवला, आणि तो निवांत बसला.