मेलकावेरीचा चेंडू

बसा. त्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो. तुम्ही पुण्याचे, तक्रार केल्याशिवाय राहणार नाही, म्हणून आधीच सांगितलं. बोलता बोलता मी थांबलो तर घाबरू नका. दम लागतो मला. डॉक्टर म्हणतो, छाती साफ आहे. तो डॉक्टर गाढव आहे.

त्रेपन्न साली मी कुंभकोणमला गेलो तो फुटबॉलचा सामना बघायला. आमचं घराणं मूळ तंजावर दरबारातलं. दरबार केव्हाच आटोपला, आणि मी इथं मद्रासला शाळेत पदार्थविज्ञान शिकवत बसलो. माझा चुलतभाऊ एकोजी, त्याला मी अण्णा म्हणतो, कुंभकोणमच्या मेलकावेरी रोव्हर्स क्लबचा सेक्रेटरी. दर सोमवारी तो पोस्टकार्डावर निकाल कळवायचा. ती कार्डं मी ट्रंकेत तारीखवार लावून ठेवायचो. हसा खुशाल. शहाण्या माणसालाही एखादं खूळ असतं.

मद्रासला रोव्हर्स आले की मार खाऊन परत जायचे. मी न चुकता हजर असायचो आणि घसा फोडून घरी यायचो. पण घरच्या मैदानावर आठ वर्षांत एक हार नाही. ते मैदान एकदा डोळ्यांनी बघायचं म्हणून रविवारी सकाळी गाडीतून उतरलो.

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. एका बाजूला कावेरीचा बांध, दुसरीकडे केळीची बाग. गोलाचे खांब बांबूचे, आणि मधोमध म्हशी. प्रेक्षकांसाठी चार फळ्या. कोपऱ्यात चिंचेखाली क्लबची खोली, तिला लागून एक झोपडी. या उकिरड्यासाठी मी आठ वर्षं कार्डं जपली होती. तरीही, खरं सांगतो, मधल्या रेषेवर पाय ठेवताना मी चपला काढल्या.

झोपडीच्या ओट्यावर चटई होती, चटईवर एक म्हातारा पडलेला. नटराज. एके काळी देवळात नागस्वर, म्हणजे इकडची लांब सनई, वाजवायचा. त्याची बायको कामाक्षी ताडाच्या पंख्यानं त्याला वारा घालत होती. पंखा हलला की करकर वाजायचा. म्हाताऱ्याचे डोळे उघडे होते, पण छाती हलत नव्हती. मी बराच वेळ बघितलं.

"अण्णा, हा जिवंत आहे का?"

"आहे," अण्णा म्हणाला. "आठ वर्षें असाच आहे. रविवारीं खेळ झाला कीं आंगावर काळेनिळे डाग उठतात, इतकेंच."

"डास चावत असतील."

अण्णानं क्लबच्या खोलीचं कुलूप काढलं. त्याची मराठी ही अशी, अडीचशे वर्षांपूर्वी घरातून निघालेली आणि परत न गेलेली. मी पुण्यात दोन वर्षं शिकलो म्हणून माझी जरा माणसात आली.

खोलीत त्यानं मला चेंडू दाखवला. जुनं, काळवंडलेलं कातडं, वादीनं आवळलेलं. आत रबराची पिशवी.

"आठ वर्षांमागें पंप मोडला होता, तेव्हां नटराजानें तोंडानें फुंकला. तेव्हांपासून हवा भरली नाहीं. लागलीच नाहीं. हा चेंडू असला कीं आम्ही हरत नाहीं." दारापर्यंत जाऊन तो वळला. "व्यंकटरमणा, चेंडूस हात लावूं नकोस. मी स्नान करून येतों." आणि किल्ली माझ्याजवळ ठेवून गेला.

आता तुम्हीच सांगा. रबराची पिशवी चार दिवसांत मऊ पडते, हे माझ्या शाळेतलं सर्वांत मठ्ठ पोरही सांगेल. म्हणजे कुणीतरी गुपचूप हवा भरत होतं आणि गावाला उल्लू बनवत होतं. पण मला राग आला तो त्याचा नव्हे. अकरा माणसं घाम गाळून जिंकणार, त्यांची नावं मी ट्रंकेत जपणार, आणि श्रेय एका म्हाताऱ्याच्या फुंकरीला? माझ्या क्लबचा असला अपमान मला सहन होईना.

बारा वाजत आले होते. म्हशीसुद्धा सावलीला गेल्या होत्या. शेजारून पंख्याची करकर तेवढी येत होती. मी वादी सोडली, आतली नळी ओढून काढली आणि तिचा दोरा उलगडला.

एवढ्याशा चेंडूतली हवा निघून जायला किती वेळ लागतो? दहा सेकंद. घड्याळ माझ्या मनगटावर होतं. एक मिनिट झालं. दोन झाली. हवा येतच होती... सावकाश, कोमट, कुणी तोंडाजवळ तोंड आणून श्वास सोडावा तशी. तिला पानाचा आणि लवंगेचा वास होता. नळी दाबून धरायची होती, पण बोटं वळेनात. चौथ्या मिनिटाला तिला सूर लागला. नागस्वराचा, अगदी खालचा, लांबच लांब... आणि मधेच तुटला.

त्याच क्षणी शेजारची करकर थांबली.

रडणं नाही, हाक नाही. पंखा थांबला, इतकंच.

मी घाबरलो. अण्णाला आणि गावाला; म्हाताऱ्याला नव्हे, असं मी स्वतःला बजावलं. कोपऱ्यात पंप होता, पण त्याचं आतलं चामडं वाळून फुटलेलं. चार वाजता सामना. मी नळी तोंडात धरली आणि फुंकली.

एकदाच फुंकली. चेंडू दगडासारखा टणक झाला. एका माणसाच्या एका श्वासात तेवढी हवा नसते, हे मी गेली वीस वर्षं मुलांना शिकवतोय. दोरा बांधला, वादी आवळली. मग श्वास घ्यायला गेलो, तर तो अर्ध्यावरच अडला. अजूनही तिथंच अडतो.

नटराज गेला होता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. म्हाताऱ्यानं कधीतरी मरायचंच होतं. अण्णानं ठरवलं, आधी सामना, मग स्मशान. खेळाडू उतरण्यापूर्वी कामाक्षी ओट्यावरून उठली, चेंडू उचलून कानाला लावला आणि गर्दीतून नेमकी माझ्याकडे बघत राहिली.

"कोवळा आहे," ती तमिळमध्ये अण्णाला म्हणाली. "फार टिकणार नाही."

सुरुवातीची पहिलीच लाथ माझ्या बरगडीत बसली. फळीवर बसलो होतो, जवळ कुणी नव्हतं. दीड तास मी असा मार खाल्ला. रोव्हर्स तीन गोलांनी जिंकले. मी मात्र ओरडू शकलो नाही. घरच्या मैदानावरचा माझा पहिला सामना, आणि घशातून आवाज नाही.

रात्री अंगरखा काढला तेव्हा डाग दिसले. मी त्यांना डास म्हटलं नाही, एवढं मान्य करतो.

त्याला दोन वर्षं झाली. कार्डं येतातच. 'जिंकलों. पंप लागला नाहीं.' दर रविवारी चार वाजता मी हे दार लावून घेतो, उशी छातीशी धरतो आणि भिंतीला पाठ लावून बसतो. डॉक्टरला सांगितलं तर म्हणाला, वात आहे. म्हटलं ना, गाढव.

आता तुम्हाला आज, रविवारी सकाळी, का बोलावलं ते सांगतो. गप्पांची हौस म्हणून नव्हे. हे बुधवारचं कार्ड. अण्णाचं अक्षर, मीच वाचतो.

'चेंडू मऊ पडूं लागला आहे. रविवारीं तिरुचीहून एक गृहस्थ येतो. आपल्या क्लबाचा मोठा भक्त. कॉलेजांत सायन्स शिकवितो, तुजसारखाच हुशार. आमचें मैदान त्यानें कधीं पाहिलें नाहीं. दुपारीं त्यास चेंडूपाशीं बसवून मी स्नानास जाईन.'

त्या दिवशी अण्णा किल्ली माझ्याजवळ विसरून गेला असेल असं मला वाटायचं. दोन वर्षं वाटलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

क्लबला तार करायची होती. शुक्रवारी पोस्टात जाऊन कागदही भरला, 'चेंडूतली हवा काढू देऊ नका.' खिडकीत बसलेला माझा जुना विद्यार्थी, व्यंकटेश. याला मी बारा महिने हवेचा दाब शिकवला. तो हात पुढे करून 'सर?' म्हणाला, आणि मी कागद फाडला. त्या ठोंब्यासमोर मी असलं काही मानतो असं दाखवू? जीव गेला तरी नाही, असं म्हणालो मनाशी. म्हणताना गंमत वाटली.

किती वाजले? बाराला पाच कमी? मग वेळ आहे. तो गृहस्थ आधी हसेल, मग चिडेल, मग वादी सोडील. वादी सात भोकांतून ओवलेली आहे, वेळ लागतो.

माझ्या गळ्याशी सैल काहीतरी... नाही, बटण नाही. बटण मी लावलंच नव्हतं.

काय म्हणता? वारा? गार नाही, कोमट? तुमच्या तोंडावर येतोय?... खिडकी लावून घेऊ म्हणता?

अहो, खिडकी सकाळपासून बंदच आहे.