उद्या कुठपर्यंत?

ही हकिगत खरी आहे. ज्याच्याबाबतीत घडली तो अमोघ आजही पुण्यात नोकरी करतो. ती सांगताना तो घाबरत नाही. त्याची मान शरमेने खाली जाते.

साल २००८. डिसेंबरातल्या पहाटा. मुळशी तालुक्यातलं भरे गाव.

अमोघ मूळचा परभणीचा. हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी, आणि भऱ्यात हैबतरावांच्या घरी भाड्याची खोली. घरात हैबतराव आणि त्यांची बायको रंभाबाई, दोघंच.

जानेवारीत ताम्हिणीच्या डोंगरातून दोन दिवसांची सायकल शर्यत होती. जोडीनं भाग घ्यायचा. एक थांबला की दोघंही बाद. ऑफिसातला स्वानंद कितीतरी वर्षं या शर्यतीचं स्वप्न बघत होता, आणि जोडीदार म्हणून त्याने अमोघला निवडलं. आजवर अमोघला कुणी कशासाठी निवडलं नव्हतं. तो लगेच हो म्हणाला. गिअरची सायकल घेतली, अंतर मोजणारा मीटर बसवला.

पहिल्याच रविवारी पिरंगुटच्या चढावर त्याला उतरावं लागलं. सायकल ढकलत असताना सरपणाचा भारा घेतलेली एक म्हातारी मागून आली आणि पुढे निघून गेली. जाता जाता म्हणाली, "ढकलायचीच हुती तर आणलीस कशाला, बाबा?"

त्यानंतर तो सायकलवर बसला नाही.

रोज संध्याकाळी स्वानंदचा फोन यायचा. खोलीत रेंज नसायची. अमोघ पडवीत, सायकलीशेजारी उभा राहून बोलायचा.

"उद्या कुठपर्यंत, चॅम्प?"

"पौडपर्यंत जाऊन येतो."

"पोट काय म्हणतंय?"

"उतरतंय हळूहळू."

आणि सकाळी आठपर्यंत तो पांघरुणात असायचा.

असेच काही दिवस गेले. एका सकाळी तो तोंड धूत होता. रंभाबाई दुधाचा पेला घेऊन आल्या.

"घे. रोज पहाटं एवढ्या लांब जायाचं म्हंजी अंगात काय तरी पायजे का न्हाई?"

त्याने पेला घेतला. बाईंचा काहीतरी गैरसमज झालाय, हे त्याला कळलं. तो दूर करायला हवा होता. त्याने दूध पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशीही पेला आला. तिसऱ्या दिवशी पेला देताना त्या म्हणाल्या, "वळणावर घंटी वाजती ना, तवा मला जाग येती."

पेला ओठाशीच राहिला.

अमोघच्या सायकलीला घंटी नव्हती…

तो पडवीत गेला. सायकल भिंतीला टेकून होती. कालच्यासारखीच.

पण टायरना लाल माती होती. ओली.

सीट चार बोटं खाली आली होती.

त्याने मीटर पाहिला. आदल्या संध्याकाळी तो सहज शून्यावर आणला होता. आता तिथे आकडा होता… पौडला जाऊन यायला जेवढं अंतर पडतं, तेवढा.

गावातलं एखादं पोर नेत असणार. त्याने बाजारातून कुलूप आणलं. मीटर पुन्हा शून्यावर आणला. रात्री किल्ली उशाखाली ठेवली. त्या संध्याकाळी फोनवर त्याच्या तोंडून निघून गेलं होतं, "उद्या ताम्हिणी."

सकाळी किल्ली उशाखाली होती.

कुलूप लावलेलंच होतं.

चाकांना माती. सीट खाली. आणि मीटरवर ताम्हिणी. जाऊन-येऊन.

तो पडवीतच बसला. बराच वेळ.

त्यानंतर त्याने जे केलं, ते सांगताना तो आजही थांबतो. मीटरवरचा आकडा त्याने स्वानंदला कळवला.

भीती होतीच. पण भीतीच्या आत कुठेतरी त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्याची थाप कुणीतरी खरी करून देत होतं…

रविवारी स्वानंद आला. मीटर बघून त्याने अमोघला मिठीच मारली.

"खरं सांगू? मला वाटायचं तू फेकतोयस. सॉरी, यार." मग हैबतरावांकडे वळून म्हणाला, "काका, हा खरंच जातो ना पहाटे?"

हैबतराव सायकलच्या सीटकडे बघत होते.

स्वानंद गेल्यावर त्यांनी विचारलं, "ही शीट कुनी खाली केली?"

"मी नाही, काका."

"आमच्या कैलासची उंची एवढीच हुती."

कैलास त्यांचा मुलगा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो होता. अमोघने त्याच्याबद्दल कधी विचारलं नव्हतं.

"सायकलीवर दूध घालायचा," हैबतराव म्हणाले. "मी चावडीवर बसून लोकांस्नी शब्द द्यायचो. उद्या लवळ्याला पोचंल. उद्या नांद्याला पोचंल. त्येला इचारायचो न्हाई. शब्द माजा, पाय त्येचं. कदी न्हाई म्हनला न्हाई. त्या दिशी अंगात ताप हुता. मी म्हनलं, शब्द दिलाय. गेला. ट्रकनं उडीवला."

त्यांनी सीटवरून हात फिरवला.

"तुजा फोन ऐकतुया मी रोज. आता पुरं कर, लेका. दमला आसंल त्यो."

संध्याकाळी फोन आला.

"उद्या कुठपर्यंत, चॅम्प?"

"कुठेच नाही." अमोघ म्हणाला. "मी जातच नव्हतो, स्वानंद. त्या पहिल्या रविवारनंतर सायकलला पाय लावलेला नाही."

"मीटर मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. मग कोण जात होतं?"

अमोघने सायकलीकडे पाहिलं.

"ठीक आहे. नाव काढून घेतो आपलं," स्वानंद म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या पहाटे अमोघ जागा होता. काही वाजलं नाही. त्याच्या पुढच्या पहाटेही नाही.

तिसऱ्या पहाटे दारावर हळूच थाप पडली…

रंभाबाई होत्या. हात रिकामे.

"दोन दिस झालं. आवाज न्हाई."

"काकू, मला माफ करा. मी कधी जातच…"

"त्ये ठावं हाय मला. तुजं घोरनं भिंतीपल्याड ऐकू येतंय."

"मग दूध?"

"त्येच्या नावाचं हुतं. तू पीत हुतास."

त्याला वर बघवेना.

"येकडाव म्हन," त्या म्हणाल्या. "कुटंतरी जातो म्हन. तू नगं जाऊस. नुसतं म्हन, लेकरा."

आतून हैबतरावांच्या खोकण्याचा आवाज आला. त्या थांबल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "नुसतं म्हन."

नाही म्हटलं तर ही आई. हो म्हटलं तर तो दमलेला मुलगा. अमोघने जवळात जवळची जागा आठवून पाहिली.

"फाट्यापर्यंत," तो म्हणाला. आणि लगेच घाईने जोडलं, "आणि परत."

रंभाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पायरीवर जाऊन बसल्या.

थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग पडवीत साखळी खुळखुळली…

अंगणातून चाकाची टिकटिक गेली. पायरीवरून. रंभाबाईंच्या अगदी जवळून.

आणि वळणावर घंटी वाजली.

फाटा तसा जवळच. जाऊन यायला कितीसा वेळ लागणार. तेवढाही अमोघला काढवला नाही. पाकीट खिशात घातलं, चपला हातात घेतल्या, आणि मागच्या दाराने शेतातून तो मोठ्या रस्त्याला लागला. सामान नेलं नाही. सायकलही पुन्हा कधी आणली नाही.

जाताना त्याने एकदाच वळून पाहिलं होतं. रंभाबाई रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या. वाट बघत.

'आणि परत' हा शब्द त्याने दिला होता. तो पाळला गेला की नाही, हे बघायला तो थांबला नाही.

भरे त्याच्या घरापासून गाडीने तासाभरावर आहे. विचारायला तो आजवर गेलेला नाही.