पहाटे पाचचं पत्रक

स्फाक्सहून कर्कना बेटाकडे निघालेल्या बोटीत सोमवारी सकाळी एक मुलगी आपल्या लॅपटॉपशी भांडत होती. मनातल्या मनात नव्हे... चांगली तोंडानं.

"मालकीण मी, फाइल माझी, आणि मलाच परवानगी नाही म्हणतोस?"

शेजारच्या बाकावरच्या नौफलनं कान टवकारले. स्फाक्सच्या एका कॉलेजातली मशीनं सांभाळणं हा त्याचा धंदा. बेटावरच्या शाळेत नवे संगणक बसवायला तो आठवडाभर रोज ये-जा करणार होता. 'परवानगी नाही' हे शब्द ऐकले की त्याची बोटं शिवशिवत. तो दोन जागा सरकून जवळ आला. तो फक्त मशीनसाठी सरकला असं मात्र कुणी समजू नये. वाऱ्यानं त्या मुलीचे केस सारखे तोंडात जात होते आणि ती ते फुंकरीनं बाजूला सारत होती, हे त्यानं पुरेसं पाहून घेतलं होतं.

"काय उघडत नाहीये?"

"तुम्ही कोण?"

"ज्याला कुणी विचारलं नव्हतं असा एक माणूस."

ती हसली आणि जागा करून दिली. तिचं नाव आम्ना. बेटावरच्या मच्छीमार संघाच्या खोलीत एक लिनक्सचं मशीन होतं आणि फोनच्या नेटवरून ती आत्ता त्याच्याशीच जोडलेली होती. धक्क्याजवळचं यंत्र समुद्राची पातळी मोजे, आम्नाचा प्रोग्राम त्या आकड्यांवरून भरती-ओहोटीचं पत्रक बनवी, आणि पहाटे पाचला ते दोनशे फोनांवर जाई. तिथला समुद्र इतका उथळ, की ओहोटीची वेळ चुकली तर नाव दिवसभर चिखलात बसते.

हे पत्रक आपोआप जायला हवं होतं. त्यासाठी तिनं मशीनवर एक वेगळं खातं उघडलं होतं, त्याला ती 'गडी' म्हणायची. पण तिनं स्वतः चालवलं की प्रोग्राम सुरळीत, आणि पाच वाजता गड्यानं चालवलं की 'परवानगी नाही'. आठ महिने ती रोज पहाटे उठून हातानं पत्रक पाठवत होती. काल तिचं डोकं फिरलं आणि तिनं त्या फोल्डरमधलं सगळं सगळ्यांना खुलं करून टाकलं.

"सगळं?" नौफलनं विचारलं.

"सगळं."

"किल्लीसुद्धा?"

तिनं मान डोलावली. पत्रक पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरला ओळख पटवायची एक छोटी फाइल असते, तिला किल्ली म्हणतात. ती चारचौघांत उघडी पडलेली दिसली की लिनक्स ती वापरायलाच नकार देतं, अगदी मालकिणीलासुद्धा. म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम झालं होतं, आणि आता हातानंही पत्रक जात नव्हतं.

"कमी उघडलं तरी रुसतं, जास्त उघडलं तरी रुसतं," ती म्हणाली. "काय स्वभाव म्हणायचा हा?"

"माणसासारखाच आहे थोडा..." नौफल बोलून गेला, आणि मग उगाच समुद्राकडे बघत बसला.

त्यानं एक ओळ लिहून किल्ली पुन्हा फक्त तिच्यापुरती केली. पत्रक निघालं. आम्नानं सुटकेचा श्वास टाकला आणि त्याला पहिल्यांदा नीट निरखून पाहिलं.

"गड्याचं मात्र तसंच राहिलं," ती म्हणाली. "उद्या शाळा सुटल्यावर संघाच्या खोलीवर याल?"

"गडी चिडका आहे का?"

"नाही हो. मालकीण आहे."

मंगळवारी तो गेला. गड्यासाठी वेगळी किल्ली बनवून दिली, तरी उत्तर तेच. आकड्यांची फाइल तर सगळ्यांना वाचता येईल अशी उघडी होती. मग हा अडतोय कुठे? त्या संध्याकाळी चहात बदाम टाकता टाकता आम्नानं सांगितलं, की उत्तरेकडे बिझेर्तच्या समुद्र-अभ्यास केंद्रात तिला जागा मिळाली आहे आणि रविवारी तिथं हजर व्हायचं आहे. पण वडिलांना आणि सगळ्या नाववाल्यांना तिनं शब्द दिला होता, की पत्रक आपलं आपण जायला लागल्याशिवाय ती बेट सोडणार नाही.

"म्हणजे हे सुटलं नाही तर?"

"तर नाही जाणार."

नौफलनं पडद्याकडे मान वळवली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की हा दोष खोल असावा, फार खोल, वर्षभर पुरेल इतका. आणि असं वाटल्याची त्याला लगेच लाजही वाटली.

बुधवारी ती 'तुम्ही'वरून 'तू'वर आली. अंडं भरून तळलेली गरम ब्रीक खाताना त्याच्या हनुवटीवर बलकाचा ओघळ आला, तेव्हा.

"स्फाक्सचा ना तू? तिथं ब्रीक खायला शिकवत नाहीत वाटतं."

"शिकवतात. पण समोर कुणी असं बघत बसत नाही."

"मी मशीनकडे बघतेय," आम्ना म्हणाली. मशीन तिच्या पाठीमागे होतं.

त्यानं तीच फाइल दहादा तपासली. दहा वर्षांचा अनुभव असलेला हा गृहस्थ, आणि काखेत कळसा न् गावाला वळसा अशी त्याची गत झाली होती. त्याचं लक्ष कुठे होतं हे सांगायला ज्योतिषी नको.

गुरुवारी दुपारी आम्नाचे वडील मुन्सिफकाका त्याला आपल्या नावेतून घेऊन गेले. समुद्रात त्यांची पिढीजात शरफिया होती. खजुरीच्या झावळ्यांचं लांबलचक कुंपण उथळ पाण्यात रोवलेलं असतं. मासा कुंपणाच्या कडेनं येतो, एका खणातून दुसऱ्यात शिरतो आणि शेवटी टोपलीत सापडतो. त्या दिवशी टोपली रिकामी निघाली. नौफल वाकून टोपलीच तपासायला लागला.

"तिथं काय बघतोस पोरा? टोपलीनं काय घोडं मारलंय तुझं?" काका म्हणाले. "बाहेरच्या तोंडापासून बघत यायचं. एक खण बंद असला की पुढचे दहा उघडे असून उपयोग नाही."

ते कुंपणाकाठानं नाव ढकलत गेले. दुसऱ्या खणाच्या तोंडावर वाऱ्यानं झावळ्या आडव्या पडलेल्या होत्या. काकांनी त्या उपसल्या. नौफल मात्र ओल्या फळीवर मटकन बसला, कारण त्याला आता कळलं होतं. फाइल उघडी, तिचं फोल्डर उघडं, पण ते सगळं आम्नाच्या घर-फोल्डरच्या पोटात होतं आणि ते घर परक्याला बंद. गड्याला उंबरठाच ओलांडता येत नव्हता, मग आतलं कपाट सताड उघडं असून काय कामाचं?

परतीच्या वाटेवर त्याच्या डोक्यात एकच चालू होतं. सांगितलं की ती जाणार. नाही सांगितलं तर ती राहील, पण खोटेपणानं राखलेलं माणूस कुणाचं असतं का? धक्का येताच तो सरळ संघाच्या खोलीकडे चालत निघाला.

आम्ना चहा आणायला गेली होती. तिच्या खात्याचा काळा पडदा उघडाच होता. नौफलनं वाटेतलं एकेक फोल्डर तपासायला घेतलं, बाहेरून आत. तिसऱ्यालाच सापडलं: आम्नाचं घर, परक्याला मज्जाव. मंगळवारी किल्लीसाठी लिहिलेली ओळच थोडी बदलून दार उघडता येईल म्हणून ती परत आणायला त्यानं सवयीनं वरच्या बाणाचं बटण दाबलं. एकेक जुनी ओळ वर येऊ लागली. किल्लीची ओळ आली... आणि बोट जरा जास्तच दाबलं गेलं.

किल्लीच्याही आधी तीन ओळी होत्या. पहिली, घराचं दार येण्याजाण्यापुरतं उघडणारी. दुसरी, गड्याच्या नावानं प्रोग्राम चालवून बघणारी. तिसरी, तेच दार पुन्हा बंद करणारी.

कप टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. आम्ना मागे उभी होती आणि पडद्याकडेच बघत होती.

"सोमवारीच कळलं होतं तुला," नौफल म्हणाला. "मी इथं यायच्या आधी."

"बोटीत तू विचारलंस ना, किल्लीसुद्धा उघडी केलीस का... तेव्हा लक्षात आलं की मी आतलंच उघडत बसलेय. मुन्सिफची मुलगी आहे मी. टोपली रिकामी असली की कुठून बघायचं हे मला बाराखडीच्या आधी आलंय."

"मग बंद का केलंस परत?"

आम्ना कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"आणि रोज पाचला उठून हातानं पाठवत राहिलीस..."

"तीन पहाटा उठलेय मी तुझ्यासाठी," आम्ना म्हणाली. "आणि तू विचारतोस का."

नौफलनं खरं तेच सांगितलं. हे सुटलं की ती जाईल म्हणून हे सुटूच नये असं त्याला वाटत होतं, आणि तरीही तो आत्ता तेच सोडवायला बसला होता.

"दिसलं मला," ती हळूच म्हणाली. "दारात उभी होते. तू गप्प बसला असतास ना, तर मीही काही बोलले नसते... निघून गेले असते."

"म्हणजे जाणार आहेस?"

"होकार सोमवारीच कळवलाय. जायचं तर आहेच रे. मला फक्त चार संध्याकाळी हव्या होत्या."

"चारच?"

आम्ना त्याच्याकडे बघून हसली, पण डोळे भरून आले होते तिचे. "जास्तीच्या तू माग की. सगळं मीच करू का?"

त्यानं मागितल्या. किती, ते त्या दोघांनाच ठाऊक. मग दोघांनी मिळून दार येण्याजाण्यापुरतं उघडलं, आतलं काही न दाखवता नुसती वाट मोकळी होईल इतकंच. शुक्रवारी पहाटे पत्रक गेलं तेव्हा आम्ना गाढ झोपेत होती. मुन्सिफकाकांनी नाव काढण्याआधी फोन दोनदा बघितला आणि कुणाला न उठवता दार लोटून घेतलं.

शनिवारच्या बोटीत ती दोघं शेजारी बसली होती. तिचे केस पुन्हा तोंडात जात होते. या वेळी ते बाजूला करायला तिला फुंकर मारावी लागली नाही. स्फाक्सच्या स्टेशनावर ती उत्तरेच्या गाडीत चढली, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही नौफल फलाटावर उभा राहिला. त्याला रडू येत होतं आणि हसूही.

सोमवारी पहाटे पाचला त्याचा फोन वाजला. दोनशे एकावा क्रमांक त्याचा होता. त्याच्याकडे ना होडी, ना जाळं, पण पत्रक हवंच होतं त्याला. भरती साडेसातला. तो वाचतो न वाचतो तोच पुन्हा फोन वाजला.

"आलं का पत्रक?" आम्नाचा आवाज झोपेनं जड होता.

"आलं. पण तू का उठलीस? आता गडी आहे ना."

"माहीत आहे. तुझ्यासाठी उठायची सवय लागलीय."

नौफल उशीला टेकून उठून बसला. खिडकीबाहेर उजाडायला अजून अवकाश होता.

"ऐक ना," तो म्हणाला, "येत्या रविवारी आई कर्कनाला येते म्हणतेय. तुझ्या घरी, बाबांना भेटायला. फक्त तिला बोट लागते."

पलीकडे पांघरूण सरकल्याचं ऐकू आलं. मग तिचा आवाज आला, आता अगदी जागा.

"थांब, रविवारचं वारं बघून सांगते."