पाहुण्यांचा काटा

दुकानांतले वजनकाटे तपासणं हे माझं सरकारी काम. पितळी वजनांची पेटी घेऊन मी दारात उभी राहिले की भलेभले दुकानदार कानकोंडे होतात. त्या सकाळी मात्र एक पावभट्टीवाला भुवयांवर पीठ घेऊन चक्क हसत होता... जणू माझीच वाट पाहत होता.

त्याच्या काट्यावर मी एक किलोचं वजन ठेवलं. सुई नऊशे साठवर थांबली. म्हणजे दर किलोमागे हा गडी चाळीसएक ग्रॅम पाव फुकट वाटत होता.

"काटा चुकतोय तुमचा."

"माहीत आहे," तो म्हणाला. "पण अजून कुणी तक्रार केली नाही."

हसू दाबून मी नोटीस लिहिली. चुकलं ते चुकलं, फायदा कुणाचा याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. सही करून त्यानं भट्टीतून नुकताच काढलेला पाव माझ्यापुढे सरकवला. ही लाच आहे का, असं मी विचारलं, तर म्हणाला की लाच कोरडी देत नाहीत, आणि लोण्याची वाटी पुढे केली. तोंडाला पाणी सुटलं होतं, तरी मी नको म्हणाले.

कारण रविवार जवळ आला होता. दर रविवारी सकाळी आई मला काट्यावर उभी करते आणि आकडा फ्रिजवरच्या कागदावर लिहिते. मी अंगानं चांगली भरलेली आहे. आईचा शब्द याहून बोचरा असतो. बाबा हृदयविकारानं गेले, तेव्हापासून तिला माझ्या प्रत्येक घासाची धास्ती वाटते. वर लग्नाची काळजी आहेच. "हे असं अंग घेऊन कुणाच्या दारात उभी राहणार आहेस?" हे मी इतक्यांदा ऐकलं, की मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

फेरतपासणीला गेले तेव्हा काटा दुरुस्त झाला होता. त्यानंतर तिथे जायला मला काहीच कारण नव्हतं, तरी जात राहिले. आणि हो, खाल्लंही. गरम पाव, लोणी, वर मिठाची चिमूट.

"पहिला घास तुम्ही डोळे मिटून खाता," तो एकदा म्हणाला.

"का, वाईट दिसतं?"

"नाही हो... तेवढ्या वेळात मला मनसोक्त बघता येतं."

पुढचा घासही मी डोळे मिटूनच खाल्ला.

महिन्याभरानं त्यानं घरी जेवायला बोलावलं, आईशी ओळख करून द्यायची म्हणाला. मला तो हवा होता, अगदी मनापासून हवा होता — पण त्याच्या आईनं मला एकदा आपादमस्तक पाहिलं, की सगळं संपणार याची मला खात्री होती.

त्यांचं घर भट्टीच्याच वर होतं. त्याची आई ठेंगणी, लगबगीची. तिनं दार उघडलं, माझा हात धरला आणि दाराशेजारच्या एका जुन्या, मोठ्या वजनकाट्याकडे नेलं.

"चढ बाळा."

माझे कान तापले. मी निघते म्हणाले आणि वळलेसुद्धा. तो धावत जिन्यात आला, चेहरा पांढराफटक. सांगायचंच राहिलं म्हणाला. त्यांच्या घरी ते चपला काढण्याइतकं नेहमीचं होतं. ती माणसं मूळची डोंगरापलीकडची. तिथे आजोबांच्या पिढीनं उपासमार पाहिलेली, त्यामुळे भरलं अंग म्हणजे घरचं सुख. वडील पार्सल ऑफिसात होते, त्यांनी मोडीत निघालेला काटा घरी आणला. तेव्हापासून पाहुण्याचं वजन येताना आणि जाताना व्हायचं. जाताना वाढलं नाही, तर यजमानाची मान खाली.

मी मागे पाहिलं. आई पदरानं काट्याचा पत्रा पुसत उभी होती, पोरीनं नाही म्हटलं तर काय करायचं या काळजीत. जीव मुठीत धरून मी परत गेले आणि काट्यावर चढले.

तिनं आकडा मोठ्यानं वाचला. मी तो इथे सांगणार नाही. मग तिनं माझ्या गालावर हात ठेवला.

"किती जीव लावलाय गं तुझ्या आईनं तुला!"

त्या आकड्यातून असंही काही वाचता येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझे डोळे भरून आले.

मग मी जेवले. बटाट्याचा रस्सा, भाजलेला मासा, पाव, वर सफरचंदाचा केक दोनदा. कुणी घास मोजत नव्हतं, मीसुद्धा नाही.

निघताना पुन्हा काट्यावर चढले. सुई दीड किलोनं पुढे! आई खूश झाली. पण अकरा वर्षं हेच काम केलंय मी. मागे वळून पाहिलं, तर भट्टीवाल्याच्या पायाचा अंगठा हळूच पत्र्यावर टेकलेला.

"पाय खाली घ्या. किती वर्षं चाललंय हे?"

"दहा वर्षांचा होतो तेव्हापासून," तो ओशाळून म्हणाला. "आत्या चिमणीएवढं खायची. ती गेली की आई दोन दिवस रडवेली व्हायची."

त्यानं पाय उचलला. सुई घसरली... आणि येतानाच्या वजनापेक्षा सहाशे ग्रॅम पुढे थांबली.

"म्हणजे आजवरचे सगळे पाहुणे खोटे?" आईनं विचारलं.

"सगळे. ही एकच खरी." मग तो माझ्याकडे वळला, आणि पहिल्यांदाच मला तू म्हणाला. "तू इथेच राहशील का गं... कायमची?"

"मग जातानाचं वजन?"

"नकोच करायला."

मी हो म्हणाले. काट्यावरून न उतरताच.

रविवारी सकाळी माझी आई पेन्सिल घेऊन उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं — भट्टीवाला, काटा, आणि त्याच्या आईनं आकडा वाचून तिच्याबद्दल काय म्हटलं तेही. आईनं पेन्सिल फ्रिजवर ठेवून दिली आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"काय काय केलं होतं गं जेवायला?"