वाक्य पुरं होईपर्यंत

बसथांब्यावरच्या पाटीला नाक टेकवून तो उभा होता. एका हातात मोडक्या चष्म्याचे दोन तुकडे, आणि डोळे इतके बारीक केलेले की पाटीलाच संकोच वाटावा. मग पाटीचा नाद सोडून तो तिच्याकडे वळला.

"ओ काकू, ही बस बाजारात जाते का हो?"

काकू. नोकरीचा पहिला दिवस म्हणून तिने नवा ड्रेस घातला होता, केसांवर अर्धी सकाळ घालवली होती, आणि वर हे.

"मी का—का—"

शब्द नेहमीसारखा ओठांशी येऊन अडला. लहानपणापासून तिचं बोलणं असंच अडखळत यायचं. ऐकणारे तिचं वाक्य स्वतःच पुरं करून मोकळे व्हायचे. आई मायेने, शेजारीण कीव येऊन आणि बाकीचे घाईत म्हणून. हा मात्र मान जराशी कलती करून नुसता थांबला... जगात दुसरं कामच नसल्यासारखा.

"—काकू नाहीये," तिने वाक्य पुरं केलं.

"अरेच्चा. माफ करा हं. चष्मा बाकावर ठेवला आणि मीच त्याच्यावर बसलो. दोन तुकडे झाले."

तिला हसू आलं. बस बाजारात जाते, हेही तिने सावकाश सांगितलं. तेही त्याने पुरं ऐकलं. दिवसभर तिला तेच आठवत राहिलं असतं, पण आठवायची गरजच पडली नाही. ती ज्या चष्म्याच्या दुकानात रुजू झाली, तिथे आतल्या खोलीत यंत्रावर भिंगं घासायला बसलेला माणूस तोच निघाला. दुकानाचे मालक, म्हणजे काका, त्याला भिंग्या म्हणत.

"चष्म्याच्या दु-दुकानात काम करता आणि—"

तो थांबला. तिने पुरं केलं, "—चष्म्यावर बसता?"

"दिव्याखाली अंधार," तो म्हणाला. "आणि मला अहोजाहो नको. काकू म्हटल्याची तेवढी तरी शिक्षा दे."

ही नोकरी तिला संस्थेतल्या ताईंनी मिळवून दिली होती. अपंग मुलामुलींना काम मिळवून द्यायचं आणि मिळालं की ते टिकतंय का बघायचं, हे ताईंचं काम. आधीच्या दोन ठिकाणी तिला गोड बोलून मागे पॅकिंगला बसवलं होतं. या वेळी तिने ताईंना स्पष्ट सांगितलं होतं, मला काउंटरच हवा. काकांनी महिनाभर बघू म्हटलं.

फ्रेम गरम करून काडी वाकवायची, कानामागे अलगद बसवायची, नाकावर टोचतंय का विचारायचं, हे ती भराभर शिकली. भिंग्याचा नवा चष्माही तिनेच बसवला. तेव्हा त्याच्या कानाला तिची बोटं लागली, आणि त्याने पहिल्यांदा तिला नीट पाहिलं.

"आता कळलं," तो हळूच म्हणाला, "मी काय बोलून बसलो होतो ते."

तीन वेळा बसवूनही त्याची डावी काडी वाकडीच राहिली. चौथ्यांदा बसवायला तिची काही हरकत नव्हती.

पण चष्मा आला आणि घोटाळा झाला. आता त्याला ती दिसायची. शब्द अडला की तिची ताणलेली मान आणि घट्ट मिटलेली मूठ दिसायची, आणि त्याचा जीव वरखाली व्हायचा. मग यंत्र बंद करून तो बाहेर धावायचा आणि गिऱ्हाइकाला उरलेलं सांगून टाकायचा. प्रेमात पडला होता बिचारा, आणि प्रेमापोटी तिच्या तोंडातला घास काढून घेत होता.

एका दुपारी काका तिला म्हणाले, "पोरी, हात छान आहे तुझा. पण गिऱ्हाइकाशी बोलतो भिंग्याच. उद्या ताई येतील. मी म्हणतो, तू आत पॅकिंग बघ. पगार तोच."

ती तडक आतल्या खोलीत गेली.

"मला का—का—"

"काका काय म्हणाले ते सांगायचंय ना? मी बोलतो त्यांच्याशी, तू—"

"मी का-कात्री दे म्हणत होते," ती म्हणाली. तो ओशाळला. "बसथांब्यावर तू ऐकलं होतंस. चष्मा आला आणि तुझे का-कान गेले."

"तू अडकलीस की मला बघवत नाही गं."

"मग ब-बघू नकोस." तिचे डोळे भरून आले होते. "पण माझं वाक्य मला रा-राहू दे. त्यावरच मा-माझी नोकरी आहे."

दुसऱ्या दिवशी ताई येऊन कोपऱ्यात बसल्या, आणि पाठोपाठ एक बाई तणतणत आल्या. वरखाली दोन भिंगांचा नवा चष्मा लावून पायऱ्या उतरताना त्यांचा तोल जात होता.

"खा-खालचं भिंग वा—वा—"

"वाईट बसलंय ना? म्हणजे चूक तुमचीच. पैसे परत द्या."

भिंग्या आतल्या दारात आला. त्याचं तोंड उघडलं, मिटलं. मग त्याने चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला, आणि मान कलती करून उभा राहिला.

तिने ते पाहिलं. तिची मूठ आपोआप सैल झाली.

"माझं बो-बोलणं झालं नाहीये अजून," ती बाईंना म्हणाली. "खालचं भिंग वा-वाचायला आहे. पायऱ्या उतरताना नु-नुसते डोळे खाली नेऊ नका. मा-मान वाकवा."

बाई दुकानाच्या पायऱ्या मान वाकवून उतरल्या, पुन्हा चढल्या, पुन्हा उतरल्या. "हे आधी का नाही सांगितलं कुणी?" असं वरून त्याच म्हणाल्या.

काकांनी ताईंकडे बघून घसा खाकरला. "काउंटर हिचाच. वेळ लागतो, लागू दे."

संध्याकाळी दुकान आवरताना ती भिंग्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुला काही सां-सांगायचंय."

त्याने लगेच चष्मा काढला. तिने तो त्याच्या हातातून घेतला, डावी काडी एकदाची सरळ केली आणि त्याच्या कानांवर चढवला.

"आता बघ. आणि बघत ऐ-ऐक. मला तू आ—आ—"

शब्द कुठला ते त्याला ठाऊक होतं. हिशेबात डोकं घालून बसलेल्या काकांनाही ठाऊक होतं. त्याने काउंटरची कड घट्ट धरली, पण ओठ हलवले नाहीत.

"—आवडतोस."

बाहेरून एक बस गेली. भिंग्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मी... म्हणजे मला पण..." तिची वाक्यं पुरी करणारा तो, स्वतःच्या वाक्यात मधेच अडकला. "मला पण तू... ते आपलं..."

पुढचा शब्द तिच्या जिभेवर तयार होता. ती तो बोलली नाही. मान जराशी कलती करून ती उभी राहिली, आणि त्याला लागेल तेवढा वेळ तिने दिला.