अकरा गुणांची दुपार

तो पहिल्यांदा आला तो स्वतःची पत्रिका काढायला... आणि नेमका तेव्हाच आमचा कॉम्प्युटर बंद पडला.

शिरूरच्या स्टँडसमोर आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कॉम्प्युटर-पत्रिकेचं दुकान आहे. त्यांचा प्रोग्रॅम इतका जुना, की फक्त विंडोज अठ्ठ्याण्णववर चालायचा. नव्या मशीनवर तो चालतच नाही. त्याच्या, म्हणजे सत्यजीतच्या, आई झुंबरबाई त्याला घेऊन दौंडहून खास आबांकडे आल्या होत्या. त्याला निमोणे गावच्या एका मुलीचं स्थळ सांगून आलं होतं आणि दुसऱ्या कुणाच्या गुणमेलनावर त्यांचा विश्वास नव्हता.

"हार्ड डिस्क शाबूत असंल, तर मी चालू करून देतो," तो म्हणाला. बोलत आबांशी होता, बघत माझ्याकडे होता. चोर कुठला!

मग तो लॅपटॉप घेऊन येऊ लागला. बाहेरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जायचे, काउंटरवर दुपारचं ऊन असायचं, आणि मी उगाचच दोनदा चहा सांगायचे.

"म्हंजी नेमकं करताय काय?" मी विचारलं.

"लॅपटॉपच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर केलाय. त्यात तुमची जुनी विंडोज टाकली. तिला वाटतंय, अजून पंचवीस वर्षांपूर्वीचंच जग हाय."

"तिला कळत न्हाई?"

"न्हाई. सुखात हाय बिचारी."

मला तिचा हेवा वाटला. पडद्यावरच्या त्या निळसर चौकटीत आपणही जाऊन बसावं, असं वाटायचं. कारण प्रोग्रॅम चालू झाला की याची पत्रिका निघणार आणि निमोण्याच्या मुलीशी जुळणार. देवा, चालू नको होऊ दे, असं मी रोज म्हणायचे. आणि तो रोज म्हणायचा, "अजून प्रिंटर जोडायचा राहिलाय..."

"खरंच राहिलाय?" एकदा मी विचारलंच.

त्याचे कान लाल झाले. "परवाच चालू झालंय सगळं. पण... तपासलं न्हाई. दोघांच्या जन्मतारखा टाकून बघाव्या लागतील."

पहिली त्याने स्वतःची टाकली. मग बोटं थांबली. "दुसरी... तुमची सांगता?"

मी सांगितली. तारीख, वेळ, साल.

गुण अकरा.

अठराच्या खाली आबा विषयसुद्धा काढू देत नाहीत. माझे डोळे भरून आले. "पुसून टाका ते," मी कसंबसं म्हणाले.

"राहू दे. अकरा तर अकरा, नीलम. मला तू आवडतीस. निमोण्याला नाही म्हणून कळवतो आन् आबांशी मीच बोलतो. काय व्हायचं ते होऊ दे."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, त्याचं त्यालाही कळलं नाही. मी ओढणीने डोळे पुसले, पुन्हा पडद्याकडे बघितलं, आणि मला हसूच फुटलं.

"अरे, मी एकोणीसशे एकची हाय का? साल नुसतं शून्य-एक टाकलंस! आबा पूर्ण दोन हजार एक टाकतात."

"आयला! म्हंजी म्हातारीशी जुळवली व्हय मी पत्रिका?" तो घाईघाईने कीबोर्डकडे वळला. "थांब, आता खरे काढतो."

तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर आबांच्या चपला वाजल्या.

"आबांसाठी काढ," मी हळूच म्हणाले आणि पाठ फिरवली. "मला नको सांगूस किती आले."

"का गं?"

"मी अकरालाच हो म्हटलंय."